रोग जातो, बळ कां येत नाहीं?

रोग बरा झाला म्हणजे रोगी बरा झाला, असा आपला सर्वांचा एक सोयीचा समज आहे. ताप उतरला, छातींतला कफ सुटला, रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या, इस्पितळानें निरोप दिला. आतां घरीं नेऊन चार दिवस चांगलें खाऊं घातलें कीं माणूस पूर्ववत् हिंडूं फिरूं लागेल, अशी अपेक्षा घरचीं माणसें बाळगतात. पण जो रोगी मरणाच्या दारांतून परत आलेला असतो, ज्यानें पंधरा-पंधरा दिवस अतिदक्षता विभागांत कृत्रिम श्वासयंत्राच्या आधारानें काढलेले असतात, त्याच्या बाबतींत ही अपेक्षा बहुधा खोटी ठरते. महिने लोटतात, तरी हात डोक्यापर्यंत जात नाहीं, जिना चढवत नाहीं, पाटावरून उठतांना दुसऱ्याचा हात लागतो. मग घरांत प्रथम काळजी, पुढें कुजबुज आणि शेवटीं दोषारोप सुरू होतो. हें असें कां होतें, आणि त्यांत घरच्यांचें कर्तव्य काय, याचा थोडा विचार आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें पेठ वडगांव हें हातकणंगले तालुक्यांतलें जुनें बाजारपेठेचें गांव. मराठ्यांचे सेनापति धनाजी जाधव १७०८ सालीं येथेंच पायाच्या जखमेच्या दुखण्यानें निवर्तले; त्यांची समाधि आजही गांवांत आहे. मोंगलांच्या फौजांना ज्यानें वर्षानुवर्षें पळतां भुई थोडी केली, तो वीर एका जखमेपुढें हतबल झाला. त्या काळीं जखम चिघळली आणि तिचें विष अंगभर पसरलें, कीं वैद्यांच्या हातीं फारसें कांहीं उरत नसे. आज तशी स्थिति नाहीं. १९२८ सालीं पेनिसिलीनचा शोध लागला. १९५२ सालीं कोपनहेगन शहरांतील पोलिओच्या सांथींत, ज्यांचा श्वास थांबत आला होता अशा रोग्यांच्या फुप्फुसांत बाहेरून हवा भरून त्यांना वांचविण्यांत आलें, आणि त्या अनुभवांतूनच आजचे अतिदक्षता विभाग निर्माण झाले. आतां वडगांवचा रोगी थोडक्या वेळांत कोल्हापूरच्या इस्पितळांत पोहोंचतो. २०२० व २०२१ सालच्या करोनाच्या सांथीनें तर व्हेंटिलेटर हा शब्द आपल्या माजघरापर्यंत आणून सोडला. पण मृत्यु टळला म्हणजे सर्व मिळालें असें नव्हे. वांचलेल्यांपैकीं पुष्कळांचें बळ मागेंच राहतें. ही निव्वळ दुखण्यानंतरची मरगळ नसून तो स्नायूंचा व नसांचा एक स्वतंत्र विकार आहे, असें आतां वैद्यकशास्त्र मानतें.

बळ म्हणजे काय?

आपण साधा पाण्याचा तांब्या उचलतों, तेव्हां दंडाच्या स्नायूंतील असंख्य सूक्ष्म तंतु एकमेकांवर सरकतात. त्या प्रत्येक सरकण्याला किंमत पडते, आणि ती किंमत शरीर एकाच नाण्यांत चुकवितें. त्या नाण्याचें रासायनिक नांव अ‍ॅडेनोसीन ट्रायफॉस्फेट. शास्त्रज्ञ त्यास ए. टी. पी. म्हणतात. अन्नांतली शक्ति ही जणूं सोन्याची लगड. लगड घेऊन भाजीबाजारांत गेलें तर कोथिंबिरीची जुडीसुद्धां मिळत नाहीं. ती मोडून सुटे पैसे करावे लागतात. ए. टी. पी. हे ते सुटे पैसे. नवल असें कीं आंवळलेला स्नायु पुन्हां सैल होण्यालाही हेच नाणें लागतें. प्रेत ताठ होतें त्याचें कारण हेंच. स्नायूंना सैल करावयास नाणें शिल्लक नसतें.

हे पैसे गांठीला बांधून ठेवतां येत नाहींत. स्नायूंत एका वेळीं असलेला ए. टी. पी. जोराच्या कामाला दोन-तीन सेकंदच पुरतो. त्याच्या पाठीशीं क्रिएटीन फॉस्फेट नांवाची लहानशी गंगाजळी असते. ती आणखी आठ-दहा सेकंद निभावून नेते. पुढचा सारा व्यवहार नवीं नाणीं पाडण्यावर चालतो. निरोगी माणसाचें शरीर दिवसभरांत जेवढा ए. टी. पी. पुनःपुन्हां घडवितें आणि मोडतें, त्याचें वजन त्या माणसाच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास भरतें. या दोन्ही द्रव्यांच्या शोधाशीं एका भारतीयाचें नांव निगडित आहे, हें मुलांना अवश्य सांगावें. भीमवरम् येथें १८९५ सालीं जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत सायरस फिस्के यांच्यासह १९२७ सालीं क्रिएटीन फॉस्फेट व १९२९ सालीं ए. टी. पी. उजेडांत आणला. त्याच सुमारास जर्मनींत कार्ल लोहमान यांनींही स्वतंत्रपणें ए. टी. पी. शोधून काढला होता.

आतां ही टांकसाळ कोठें आहे? प्रत्येक पेशीच्या पोटांत तंतुकणिका नांवाचे अतिसूक्ष्म घटक असतात. इंग्रजी पुस्तकांत त्यांनाच मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. त्यांचें काम समजण्यास आमच्या भागांतील वाचकांना गुऱ्हाळाचा दाखला चटकन् पटेल. काहिलींतल्या रसाचा गूळ व्हावयाचा तर खालच्या चुलवाणांत सारखा जाळ हवा. त्यासाठीं चिपाड हवें, वारा हवा, आणि चुलवाण धड हवें. तिहींपैकीं एक बिघडलें, कीं गुळव्या कितीही कसबी असो, रस तसाच राहतो. अन्नांतील साखर व स्निग्ध अंश हें पेशींतलें चिपाड. रक्तानें आणलेला प्राणवायु हा वारा. आणि तंतुकणिका हें चुलवाण. फरक इतकाच कीं येथें जाळ भडकत नाहीं. अन्नांतून निघालेले विद्युत्कण, आगीच्या वेळीं विहिरीपासून घागरी हातोहात पुढें जाव्यात तसे, एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे जात जात शेवटीं प्राणवायूच्या स्वाधीन होतात; आणि या प्रवासांत सुटलेल्या शक्तीवर नाणीं पाडलीं जातात. ग्लुकोजच्या एका रेणूपासून प्राणवायूवांचून अवघीं दोन नाणीं मिळतात. तोच तंतुकणिकेंत पुरता जळला तर सुमारें तीस ते बत्तीस. यावरून हें चुलवाण बिघडलें तर काय अनर्थ होईल याची कल्पना यावी.

या हातोहात देण्याच्या रांगेंत सायटोक्रोम सी नांवाचें एक प्रथिन उभें असतें. त्याच्या इतिहासांत एका महाराष्ट्रीय विदुषीचें नांव आहे. कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत प्रवेश मागण्यास गेल्या, तेव्हां संचालक सर चंद्रशेखर रामन यांनीं केवळ स्त्री म्हणून त्यांना नकार दिला. बाईंनीं तेथेंच सत्याग्रह मांडला व अटी पतकरून प्रवेश मिळविला. पुढें केंब्रिजला जाऊन त्यांनीं बटाट्याच्या पेशींवर काम केलें, आणि प्राण्यांच्या पेशींत श्वसनाचें काम करणारें हें सायटोक्रोम सी वनस्पतींच्या पेशींतही तेंच काम करतें असें दाखवून दिलें. १९३९ सालीं त्या कामाबद्दल त्यांना पीएच्. डी. मिळाली. बटाट्यापासून पहिलवानाच्या दंडापर्यंत सर्वत्र एकाच जातीचें चुलवाण धगधगत आहे, हा त्या शोधाचा अर्थ.

चुलवाण कां मंदावतें?

जंतूंच्या संसर्गानें सर्व शरीर पेटतें, त्या अवस्थेस सेप्सिस म्हणतात. अशा रोग्यांचे मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस एकामागून एक बंद पडत. याचें कारण वैद्य लोक पूर्वीं असें मानीत कीं पेशींना प्राणवायु पोहोंचत नाहीं. म्हणून प्राणवायु वाढवावा, रक्तदाब वाढवावा, असे उपाय चालत. आणि ते आजही आवश्यक आहेतच. परंतु पुढें असें आढळलें कीं पुष्कळ रोग्यांच्या स्नायूंत प्राणवायु पोहोंचलेला असतो, तो वापरलाच जात नाहीं. चिपाड आहे, वारा आहे. बिघाड चुलवाणांत आहे!

लंडन येथील डेव्हिड ब्रिली, मर्व्हिन सिंगर प्रभृति वैद्यांनीं २००२ सालीं या गोष्टीचा पुरावा पुढें आणला. सेप्सिसनें अत्यवस्थ झालेल्या २८ रोग्यांच्या स्नायूचा लहानसा तुकडा त्यांनीं अतिदक्षता विभागांत आल्यापासून पहिल्या चोवीस तासांत काढून तपासला, आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठीं आलेल्या नऊ माणसांच्या स्नायूशीं तो ताडून पाहिला. २८ पैकीं १६ वांचले, १२ दगावले. जे दगावले त्यांच्या स्नायूंत ए. टी. पी. स्पष्टपणें कमी होता. जे वांचले त्यांच्यांत तो बराच टिकून होता. पुढें २०१० सालीं याच मंडळींच्या संशोधनांत असेंही दिसलें कीं, वांचणाऱ्यांच्या स्नायूंत नव्या तंतुकणिका घडविण्याची तयारी आजाराच्या अगदीं आरंभींच सुरू झालेली असते.

चुलवाण बिघडण्याचीं कारणें एकाहून अधिक आहेत. जंतूंशीं लढतांना शरीर स्वतःच नायट्रिक ऑक्साइडसारखीं द्रव्यें भरमसाट निर्माण करतें. तीं त्या हातोहात देणाऱ्या रांगेंतल्या शेवटच्या गड्याचे हात बांधून टाकतात. रक्तांतली साखर बेसुमार वाढणें, कंठग्रंथीचा रस कमी पडणें, आणि अनेक दिवस निश्चल पडून राहणें यांचीही त्यांत भर पडते. मर्व्हिन सिंगर व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं असा एक विचार मांडला कीं हा केवळ बिघाड नसावा. बेडूक कडक थंडींत निपचित पडून राहतो, त्याप्रमाणें संकट ओसरेपर्यंत पेशी आपला व्यवहार स्वतःच आंवरून घेत असावी. हा अजून तर्कच आहे. पण अशा रोग्यांच्या अवयवांत पेशी फारशा मेलेल्या आढळत नाहींत, आणि वांचलेल्यांचीं इंद्रियें बहुधा पुन्हां कामाला लागतात, ही गोष्ट त्या तर्काला पुष्टि देते.

दुसरीकडे स्नायूचें मांसही झडत असतें. शरीराला या संकटांत नवीं प्रथिनें हवीं असतात, आणि तीं सर्वांत सहज मिळतात स्नायु मोडून. लंडनच्याच झुदिन पुथुचेरी प्रभृतींनीं २०१३ सालीं ६३ अत्यवस्थ रोग्यांच्या मांडीचा पुढचा स्नायु मोजला. दहा दिवसांत त्याच्या आडव्या छेदाचें क्षेत्रफळ सरासरीनें १८ टक्क्यांच्या आसपास घटलें होतें. ज्यांचे एकाहून अधिक अवयव निकामी झाले होते, त्यांची हानि याहूनही मोठी. श्वासपटल हाही एक स्नायुच. यंत्र श्वास घेऊं लागलें कीं तो रिकामा बसतो, आणि रिकामा बसलेला स्नायु फार लवकर सुकतो. यामुळेंच यंत्र काढण्याचा दिवस हा रोग्याच्या खऱ्या कसोटीचा दिवस असतो.

म्हणजे घरीं परत आलेल्या माणसाचें नुकसान दुहेरी आहे. स्नायु आकारानें घटलेला, आणि जो उरला त्यांतलें चुलवाणही मंद. त्यांत नसांनाही इजा झालेली असेल तर तिसरी अडचण. रक्ताच्या नेहमीच्या तपासणींत यांतलें जवळजवळ कांहींच दिसत नाहीं.

तूप आणि अंथरूण

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गतवर्षीं आम्ही समाचारास गेलों होतों. त्यांचे वडील बंधु फुप्फुसाच्या भयंकर दाहांतून वांचून, एकोणीस दिवस अतिदक्षता विभागांत काढून परत आले होते. घर मोठें, माणसें प्रेमळ. वहिनी डिंकाचे लाडू घेऊन उभ्या. म्हातारी आत्याबाई म्हणत होत्या, "पाऊल खालीं ठेवूं नकोस रे बाबा, विश्रांति घे." तर पुतण्या दाराशीं उभा राहून म्हणत होता, "काका, रिपोर्ट सगळे नॉर्मल आलेत. मनावर घ्या म्हणजे उठाल." ते गृहस्थ आमच्याकडे पाहून हळूच म्हणाले, "मास्तर, मन रोज उठतें हो. पाय उठत नाहींत." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतें. चार प्रेमळ माणसांच्या मध्यें तो मनुष्य एकटा पडला होता. कारण त्याला काय झालें आहे हें त्या चौघांपैकीं एकालाही ठाऊक नव्हतें.

यांतल्या प्रत्येकाचें बोलणें तपासून पाहूं.

प्रथम लाडू. चुलवाण मंदावलें असतां त्यांत चिपाड कोंबलें तर जाळ वाढत नाहीं. धूर मात्र होतो. बेल्जममधील वैद्यांनीं २०११ सालीं ४,६४० अत्यवस्थ रोग्यांवर केलेल्या प्रयोगांत, तोंडानें वा नळीनें पुरेसें अन्न जात नाहीं म्हणून पहिल्या दोन दिवसांतच शिरेंतून अन्न देऊन भर घातलेल्या रोग्यांपेक्षां, आठवडाभर थांबून मग तें दिलेल्या रोग्यांना अधिक लवकर उतार पडला. उपासमार झालेल्या देहाला एकदम भरपूर पिष्टमय अन्न दिलें तर आणखी एक धोका असतो. नाणीं पाडण्यासाठीं रक्तांतलें फॉस्फेट एकदम खर्चीं पडतें, रक्तांत त्याचा दुष्काळ होतो, आणि प्रसंगीं हृदयही दगा देतें. याचा अर्थ रोग्याला उपाशी ठेवावें असा कोणीं करूं नये. बरें होण्याच्या काळांत त्याला अन्न हवेंच, विशेषतः दूध, दही, डाळ, आणि ज्या घरांत चालत असतील तेथें अंडीं, अशीं प्रथिनें हवींत. परंतु थोडें थोडें, वेळेवर, चढत्या क्रमानें, आणि वैद्याच्या सल्ल्यानें. आयुर्वेदांत शोधनोपचारानंतर पेया, विलेपी, यूष अशा पायऱ्यांनीं रोग्याला पूर्ण आहारावर आणण्याचा संसर्जनक्रम सांगितला आहे. आपल्या पूर्वजांना तंतुकणिका ठाऊक होत्या असें म्हणण्याचा मोह आपण टाळावा. पण दुबळ्या अग्नीवर ओझें टाकूं नये हें त्यांचें निरीक्षण पक्कें होतें.

आतां आत्याबाईंची विश्रांति. झोंप व शांतता ही रोग्याची खरी गरज आहे. परंतु नुसतें पडून राहणें म्हणजे विश्रांति नव्हे. तंतुकणिका वाढविणारा आजवरचा खात्रीचा उपाय एकच, आणि तो म्हणजे स्नायूचें काम. अमेरिकेंतील जॉन हॉलॉझी यांनीं १९६७ सालीं उंदरांना रोज पळावयास लावून पाहिलें, तों त्यांच्या स्नायूंतील तंतुकणिकांचें सामर्थ्य दुपटीच्या घरांत गेलें. कोल्हापूरच्या तालमींत जोर-बैठका काढणाऱ्या पोरांना हें शास्त्र शिकविण्याची गरज नाहीं. तें त्यांच्या मांड्यांवर लिहिलेलें असतें. अत्यवस्थ रोग्यांसही तें लागू पडतें. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत श्वासयंत्रावरील १०४ रोगी होते. झोंपेचें औषध रोज थोडा वेळ थांबवून ज्यांना लवकर हालविण्यास, बसविण्यास आरंभ केला, त्यांच्यापैकीं ५९ टक्के घरीं जातांना स्वतःचीं कामें स्वतः करूं शकत होते. इतरांपैकीं फक्त ३५ टक्के. परंतु येथेंही अति करूं नये. २०२२ सालच्या ७५० रोग्यांवरील दुसऱ्या मोठ्या प्रयोगांत, नेहमीपेक्षां बरीच जास्त हालचाल सक्तीनें करविल्यानें फायदा तर झाला नाहींच, उलट हृदयाचे ठोके बिघडणें, रक्तदाब कमी-अधिक होणें असे त्रास वाढले. मात्रा चुकली कीं व्यायामाचेंही विष होतें.

आणि शेवटीं पुतण्याचा उपदेश. मनावर घेतल्यानें नवीं नाणीं पडत नाहींत. ज्या स्नायूंत शक्तीचा पुरवठाच नाहीं, त्याला आळशी म्हणणें हें कफल्लकाला कंजूष म्हणण्यासारखें आहे. असा बोल रोग्याच्या मनाला कायमचा लागतो. अतिदक्षता विभागांतून आलेल्या पुष्कळांना भीति, वाईट स्वप्नें, विस्मरण, खिन्नता यांचा त्रास आधींच होत असतो; त्यांत स्वकीयांच्या संशयाची भर कां घालावी?

त्या दिवशीं आम्हीं त्या घरांत एवढेंच सुचविलें कीं लाडवांचा डबा वर ठेवावा आणि एखादा जाणता व्यायामोपचारक बोलवावा. तसें झालें. पहिला आठवडा पलंगाच्या कडेला पाय सोडून बसण्यांत गेला. पंधराव्या दिवशीं देवघरापर्यंत चालणें झालें. चौथ्या महिन्यांत ते ओसरीवर येऊन वर्तमानपत्र वाचूं लागले. पूर्वीचा जोर त्यांना अद्याप आलेला नाहीं. तो किती येईल हेंही कोणीं सांगूं नये. कॅनडांतील मार्गारेट हेरिज यांनीं फुप्फुसांच्या तीव्र विकारांतून वांचलेल्या १०९ माणसांचा पांच वर्षें मागोवा घेतला. त्यांत बहुतेक तरुण व पूर्वीं धडधाकट असूनही, पांच वर्षांनंतर सहा मिनिटांत त्यांचें चालणें अपेक्षेच्या सुमारें तीन-चतुर्थांशच भरलें.

घरच्यांनीं काय करावें?

तंतुकणिका पुन्हां चेतविणारें औषध अजून वैद्यांच्या हातीं आलेलें नाहीं. बाजारांत ताकद वाढविण्याच्या नांवानें ज्या पुड्या व बाटल्या मिळतात त्यांवर पैसे घालविण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांस विचारावें. घराच्या हातीं मात्र पुष्कळ आहे. इस्पितळांतून निघतांनाच स्नायूंच्या अशक्ततेविषयीं स्पष्ट विचारावें, आणि व्यायाम कोणते, कितीदां व किती वेळ, हें लिहून घ्यावें. रोगी आज किती पावलें चालला, खुर्चीवरून आधाराशिवाय कितीदां उठला, हें भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत रोज टिपून ठेवावें. दिवसाच्या मापानें न दिसणारी प्रगति महिन्याच्या मापानें दिसते, आणि रोग्याला धीर येतो. श्वास फार लागणें, छातींत दुखणें, घेरी येणें, पुन्हां ताप भरणें, एखादा पाय सुजणें, गिळतांना ठसका लागणें, किंवा आलेली शक्ति एकाएकीं कमी होणें, यांपैकीं कांहीं झाल्यास व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टरांना दाखवावें.

एकत्र कुटुंबाच्या पद्धतीला आज पुष्कळ नांवें ठेवलीं जातात. पण अशा दुखण्यांत तिची किंमत कळते. एकानें चालवावें, एकीनें वेळेवर वाटीभर वरण द्यावें, एखाद्या नातवंडानें पावलें मोजावीं, आणि रात्रीं कोणीतरी उशाशीं बसावें, हें चार भिंतींत दोघेंच राहणाऱ्यांना साधत नाहीं. मात्र त्या चौघांना एक गोष्ट समजलेली असली पाहिजे. समोरचा मनुष्य आळशी नाहीं, हट्टी नाहीं, आणि तुपानें एका पंधरवड्यांत भरून येणाराही नाहीं. त्याच्या स्नायूंच्या कणाकणांत विझत आलेली चुलवाणें एकेक करून पुन्हां पेटत आहेत. या कामाला महिने लागतात, कधीं वर्षेंही लागतात. तेवढा काळ त्याला घरानें न मागतां द्यावा.